अंक बदलले तरी उरते ती संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

या संख्येबद्दल काही सांगा म्हटले, की बहुतेकांची नजर अंकांवर जाते. एकवीस अंक आहेत आणि त्यांत एकही शून्य नाही. १ पासून ९ पर्यंतचा प्रत्येक अंक मात्र निदान एकदा तरी आला आहे. सगळ्या अंकांची बेरीज १०९, आणि १०९ ही स्वतः मूळ संख्या. रविवारच्या पुरवणीतली ‘गणिताच्या गमती’ची चौकट एवढ्यावर भरेल आणि वाचणारा ‘अरे वा’ म्हणून पान उलटेल.

यातले प्रत्येक विधान खरे आहे, आणि तरी त्यांपैकी एकही त्या संख्येबद्दल नाही. ती सारी तिच्या दशमान लेखनाबद्दल आहेत. मोठ्या संख्येचे गुणधर्म म्हणजे तिच्या अंकांतल्या गमती, आणि संख्या जितकी लांबलचक तितकी ती कळायला अवघड, असा एक दुहेरी समज आपल्याकडे मुरलेला आहे. तो उथळ आहे असे माझे मत आहे. संख्येचा खरा गुणधर्म तिच्या घडणीत असतो. म्हणजे बेरीज-गुणाकाराच्या व्यवहारात ती कशी वागते, कोणत्या संख्यांनी बनते, यात असतो. आणि एखाद्या मोठ्या संख्येबद्दल आपल्याला किती कळू शकेल, हे तिच्या लांबीपेक्षा तिची घडण आपल्या हाती लागते की नाही यावर अधिक ठरते. वरची संख्या मी त्यासाठीच निवडली आहे.

१. शून्य नसण्याचे नवल किती?

आधी चौकटीतल्या गमतींचा हिशेब करू. आपली संख्या विषम आहे, म्हणजे शेवटचा अंक शून्य असणे शक्य नाही. पहिला अंक तर शून्य नसतोच. उरल्या मधल्या एकोणीस जागा. प्रत्येक जागी शून्य नसण्याची शक्यता दहात नऊ धरली, तर एकोणीसही जागा शून्याविना जाण्याची शक्यता साडेतेरा टक्के येते. याचा अर्थ, अशा शंभर विषम संख्या डोळे मिटून उचलल्या तर तेरा-चौदांत शून्य सापडणार नाही. इतक्या सहज घडणाऱ्या गोष्टीला वैशिष्ट्य म्हणायचे झाले, तर सोसायटीतल्या प्रत्येक सातव्या माणसाला विलक्षण म्हणावे लागेल.

अंकांच्या बेरजेची महती तर याहून पातळ आहे. १० ला ९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून कोणत्याही संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागल्यावरही उरते. एवढेच त्यामागचे रहस्य. गाडीच्या नंबरची बेरीज ९ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे मोजणारी मंडळी प्रत्यक्षात ९ ने भाग जाण्याची किंमत मोजत असतात. माणसाच्या दोन्ही हातांना मिळून आठच बोटे असती आणि आपण आठाच्या पायावर मोजत असतो, तर हा मान ७ कडे गेला असता.

२. लेखन बदलून पाहा

यातून एक साधी कसोटी मिळते: तीच संख्या दुसऱ्या पायावर लिहा. जे टिकेल ते संख्येचे, जे जाईल ते लेखनाचे.

आपली संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने सदुसष्ट एक येतात, दुसरे काही नाही. अष्टमान पद्धतीत १ आणि त्यापुढे बावीस ७. अंकांची बेरीज पहिल्या लेखनात १०९ होती, दुसऱ्यात ६७ झाली, तिसऱ्यात १५५. शून्य नसणे तीनही ठिकाणी दिसते खरे, पण ‘१ ते ९ सगळे अंक हजर’ ही बढाई लगेच संपते. टिकते ते एवढेच, की ही संख्या विषम आहे, तिला ३ ने भाग जात नाही, आणि तिचे १ खेरीज आणखी कोणते विभाजक आहेत किंवा नाहीत. खडे मांडून त्यांचा आयत करता येतो की नाही, हे खड्यांची संख्या कोणत्या लिपीत लिहिली यावर अवलंबून नसते.

द्विमान लेखनातली ती सदुसष्ट एकांची ओळ मात्र निराळी आहे. तिथे लेखनातून घडण डोकावते: आपली संख्या म्हणजे २ च्या ६७ व्या घातातून १ वजा. दशमान लेखनात ही गोष्ट पूर्ण झाकली गेली होती. अंक कधी घडण दाखवतात, कधी लपवतात. म्हणून त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही.

३. पहिला आक्षेप: मग कापरेकरांचे काय?

मराठी वाचक इथे हटकून विचारणार, आणि विचारायलाच हवे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता आयुष्यभर अंकांशीच खेळ केला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि कापरेकर जगाला ठाऊक झाले. माझी कसोटी हे सगळे कचऱ्यात काढते का?

६१७४ चा हा मान लेखनावर उभा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अष्टमानात तीच संख्या १४०३६ अशी लिहिली जाते. ती चार अंकी सुद्धा राहत नाही. दशमानातच राहून अंकांची संख्या बदलली तरी चित्र पालटते. तीन अंकांना ४९५ हे मुक्कामाचे ठिकाण आहे. दोन अंकांना मुक्कामच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे फेरे सुरू राहतात. पाच अंकांचेही तेच, तिथे फक्त चक्रे आहेत. कापरेकरांनी ज्यांना ‘हर्षद’ म्हटले त्या संख्या, म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्या, याच जातीच्या. प्रत्येक पायावर हर्षद राहतील अशा संख्या चारच आहेत: १, २, ४ आणि ६. बाकीच्यांचा हर्ष पाया बदलताच ओसरतो.

जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’मध्ये अशा गोष्टींना गंभीर गणिताच्या बाहेर बसवले. त्यांच्या उदाहरणांत ८७१२ आणि ९८०१ होते. या दोन संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट आहेत. हार्डींशी मी अर्धाच सहमत आहे. हे ८७१२ बद्दलचे सत्य नव्हे, इथपर्यंत ठीक. पण स्थानमूल्य पद्धती ही स्वतः एक गणिती वस्तू आहे आणि तिच्यावर केलेल्या कृतीचे वागणे हा रीतसर प्रश्न आहे. कापरेकर त्या पद्धतीचे अभ्यासक होते. त्यांचे श्रेय ६१७४ नावाच्या ‘जादुई’ संख्येला देऊन टाकणे, हा त्यांच्यावरच अन्याय आहे. घोटाळा गार्डनरांनी केला नाही की कापरेकरांनी. तो आपण त्यांच्या नावाने भाषणे करताना करतो.

४. घडण हाती आली की काय मिळते

आता मुख्य मुद्दा. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी दिली. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या कधी मिळते, याची ती यादी होती. घातांक असे: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७, आणि २५७ पर्यंतच्या बाकी कोणत्याही घातांकाला नाही. प्रश्न हौसेचा नव्हता. अशी मूळ संख्या मिळाली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीजच्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली) तयार होते, हे युक्लिडने दाखवून ठेवले होते. मर्सेनची यादी पाच ठिकाणी चुकली: ६७ आणि २५७ नको होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. आपली संख्या त्या चुकांपैकी एक. मर्सेनने तिला मूळ म्हटले. ती मूळ नाही.

हे कळायचे कसे? सरधोपट मार्ग म्हणजे एकेका मूळ संख्येने भागत जायचे. वर्गमुळापर्यंत, म्हणजे १,२०० कोटींच्या पुढे. पण घडण ठाऊक असेल तर भाजकांवर कडक अट बसते.

समजा ‘क’ ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. म्हणजे २ च्या ६७ व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे एकेक घात घेऊन क ने भागत गेलो तर बाक्यांचे चक्र फिरते. चक्राची लांबी ६७ ला भागणारी हवी, आणि ६७ मूळ असल्यामुळे ती ६७च. दुसरीकडे फर्माचे प्रमेय सांगते, की २ च्या (क − १) व्या घातालाही बाकी १ च. तेव्हा क − १ मध्ये ६७ लांबीची चक्रे पुरी बसली पाहिजेत. क विषम आहे, म्हणून क − १ सम. निष्कर्ष: क ही १३४ ची कोणती तरी पट अधिक १ असलीच पाहिजे. जोडीला आणखी एक नियम लागतो: क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते.

छोट्या भावंडावर ताडून पाहता येते. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. दोन्ही अवयव २२ च्या पटीहून एकाने मोठे. ऑयलरने १७३२ मध्ये ४,२९,४९,६७,२९७ (२ चा ३२ वा घात अधिक १) या फर्मा संख्येला ६४१ ने भाग जातो हे दाखवले, त्यामागे याच जातीचा विचार होता. त्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीहून एकाने मोठा असावा लागतो, आणि तशा मूळ संख्यांत ६४१ ही पाचवीच. खुद्द फर्माला ती संख्या मूळ वाटत होती.

आपल्या संख्येचा लहान अवयव १९,३७,०७,७२१ आहे. तो म्हणजे १३४ गुणिले १४,४५,५८० अधिक १. तिथपर्यंत सरळ जायचे तर एक कोटीहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागतात. वरच्या दोन अटी लावल्या की ७,२२,७९० उमेदवार राहतात, आणि त्यांतल्या मूळ तेवढ्याच ठेवल्या तर ऐंशी हजारांच्या आसपास. संख्या तीच, अंकही तेवढेच. कष्ट मात्र शंभरपटीहून अधिक घटले. अंकांच्या बेरजेने यातला एक भागाकारही वाचवला नसता.

५. ‘कळले’ याचे दोन अर्थ

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी आपली संख्या मूळ नाही हे सिद्ध केले, आणि तरीही तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. प्रथम ऐकताना हे विचित्र वाटते. ‘ही संख्या फुटते’ असे म्हणायचे आणि कुठे फुटते ते सांगायचे नाही, ही कसली सिद्धता?

ल्युकांच्या चाचणीचे आजचे रूप डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या सुमारास घडवले. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकाहून दोन कमी इतक्या फेऱ्यांनी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी नाही. ३१ साठी (घातांक ५) तीन फेऱ्या: ४ वरून १४, १४ वरून ८, ८ वरून ०. म्हणून ३१ मूळ. २०४७ साठी नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरते. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त, यात तिळमात्र शंका नाही. पण १७३६ कडे कितीही वेळ टक लावून पाहा, त्यात २३ दिसत नाही की ८९.

आपल्या संख्येचे अवयव यायला १९०३ साल उजाडले. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या मांडल्या. एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर गुणाकार केला, असा किस्सा ई. टी. बेल यांच्या लेखनातून पसरला आहे आणि तो पुरेसा रंगवलेलाही आहे. मला त्यातल्या टाळ्यांपेक्षा विषमता महत्त्वाची वाटते. तो गुणाकार शाळकरी पोरगा कागदावर तासाभरात तपासू शकतो. तो शोधायला मात्र ल्युकांनंतर सत्तावीस वर्षे जावी लागली. संयुक्त आहे हे कळणे, अवयव कळणे आणि दिलेले अवयव तपासणे या तीन निरनिराळ्या किमतींच्या गोष्टी आहेत, आणि ‘संख्येचे गुणधर्म माहीत असणे’ या ढोबळ शब्दप्रयोगात आपण त्या एकाच पिशवीत कोंबतो.

६. लांबी आणि अवघडपणा

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक नवी मर्सेन मूळ संख्या सापडली. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आणि अंक चार कोटी दहा लाखांहून अधिक. ती मूळ आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, कारण तिची घडण ल्युका-लेहमर चाचणीला साजेशी आहे. याच्या शेजारी अवघ्या २५० अंकांची एक संख्या ठेवा, आरएसए-२५०. दोन मोठ्या मूळ संख्या मुद्दाम अटकळ बांधता येणार नाही अशा निवडून त्यांच्या गुणाकाराने ती बनवली होती. २०२० मध्ये तिचे अवयव सापडले. त्यासाठी लागलेली गणना प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर केली असती तर सुमारे २,७०० वर्षे चालली असती. अनेक संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांत वापरल्या जाणाऱ्या संख्या ६१७ अंकी असतात. इंटरनेटवरचे आपले हे कुलूप संख्येच्या मोठेपणावर टिकून आहे असे म्हटले जाते, पण चार कोटी अंकांची उघडी घडण त्या कामाला कुचकामी आहे. कुलूप टिकते ते घडण लपवल्यामुळे.

‘लीलावती’त भास्कराचार्यांनी परार्धापर्यंत, म्हणजे १ वर सतरा शून्यांपर्यंत, स्थानांची नावे दिली आहेत. आपली संख्या त्या मापाने चौदाशे पंचाहत्तर परार्धांहून थोडी अधिक. या नावांचा अभिमान जरूर बाळगावा. पण नाव देता आले म्हणजे संख्या कळली असे होत नाही.

७. दुसरा आक्षेप: संगणक आहे की!

एकवीस अंकांपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. कोल यांचे काम आज साधा लॅपटॉप पापणी लवण्याआधी करतो. पण संगणक वर सांगितलेल्या विचारांवरच चालतो, त्यांच्या जागी नाही. घातांक १२७७ घ्या. २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर ३८५ अंकी संख्या येते. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालेले आहे, तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला २५५४ च्या पटीहून एकाने मोठे असावे लागते हेही ठाऊक आहे, आणि एवढे असून तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही. आपण तिच्यापुढे आज नेमके १८७६ मधल्या ल्युकांच्या जागी उभे आहोत.

ही दरी केवळ यंत्रांच्या वेगाची असेल असे दिसत नाही. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दाखवले, की कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे अंकांच्या संख्येच्या मानाने आटोक्यात राहणाऱ्या पायऱ्यांत, आणि कोणत्याही गृहीतकाविना ठरवता येते. अवयव काढण्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी अशी रीत कुणापाशी नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये क्वांटम संगणकासाठी जी रीत दिली, तिचाही गाभा घातांच्या बाक्यांचे चक्र किती लांब आहे हे हुडकण्यात आहे. म्हणजे पुन्हा घडणच, अंक नव्हेत.

८. तिसरा आक्षेप: गुणाकारही आपणच निवडला

हा आक्षेप सर्वांत बळकट. दशमान पाया माणसाने निवडला म्हणून त्यावरचे गुणधर्म दुय्यम ठरवायचे, तर मूळपणा तरी कुठे स्वयंभू आहे? संख्यांचे विश्व थोडे रुंदावले, उणे एकाचे वर्गमूळ आत घेतले, की ५ सुद्धा फुटते: (२ + वर्गमूळ) गुणिले (२ − वर्गमूळ). गाउसच्या या विश्वात ज्या विषम मूळ संख्येला ४ ने भागून बाकी १ उरते ती फुटते, बाकी ३ उरते ती शाबूत राहते. कोल यांचे दोन अवयव इथे वेगवेगळे वागतात. १९,३७,०७,७२१ ला बाकी १, म्हणून ती पुन्हा फुटते. ७,६१,८३,८२,५७,२८७ ला बाकी ३, ती टिकते.

तेव्हा मूळपणा कोणत्या विश्वात पाहायचा हे सांगावे लागते, इतके मी मान्य करतो. पण विश्व बदलणे आणि लेखन बदलणे यांत फरक आहे. पाया बदलला की बेरीज-गुणाकाराचे एकही सत्य हलत नाही, फक्त त्यांची नोंद वेगळी दिसते. विश्व बदलले की नवे गुणाकार शक्य होतात. शिवाय कोण फुटणार आणि कोण नाही हे ४ ने भागल्यावरच्या बाकीवर ठरले, म्हणजे जुन्या विश्वातल्याच एका गुणधर्मावर. घडणीने नव्या विश्वातही आपला हक्क सोडला नाही.

९. माझ्या म्हणण्याची मर्यादा

घडण कळली की सगळे कळले, असा अर्थ मात्र काढू नये. २ चा ३३ वा घात काढा, त्याला घातांक करून २ चा पुन्हा घात काढा, १ मिळवा. एका ओळीत मावणारी कृती. येणाऱ्या फर्मा संख्येत २५८ कोटींहून अधिक अंक आहेत. घडण इतकी उघडी आहे, मूळ अवयवांचे रूप ठाऊक आहे, मूळपणा तपासायची पेपँ यांची एकोणिसाव्या शतकातली रीतही तयार आहे: ३ पासून सुरू करून प्रत्येक फेरीला वर्ग आणि बाकी. फेऱ्या ८,५८,९९,३४,५९१, आणि प्रत्येक फेरीत २५८ कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग. ती चाचणी अजून कुणी पुरी केलेली नाही, एखादा अवयवही सापडलेला नाही. ही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे आज कुणालाच माहीत नाही.